गाठीचा रंग

हरभरा फुलावर आला की मी शेताकडे निघताना खुरपं आणि बादली घेते. झाड उपटून काही कळत नाही. बारीक मुळं तुटतात, मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात. बाजूने खुरपं घालून ढेकळासकट झाड काढायचं आणि पाण्यात धरून माती आपोआप सुटू द्यायची. मग एक गाठ नखाने फोडायची. आत लालसर गुलाबी निघाली तर नत्र बांधणाऱ्या रायझोबियम जिवाणूंचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती नुसती खायला बसलीय. लाली असते लेगहिमोग्लोबिनची. हवेतला नत्र बांधणारं विकर मोकळ्या प्राणवायूने निकामी होतं, आणि जिवाणूंना तर श्वासाला तोच लागतो. हे लाल द्रव्य तो बेताबेताने आत पोचवतं.

सूत्रकृमीच्या गाठींनी मात्र फसायला होतं. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला लागलेली असते, अंगठ्याने चटकन सुटते. सूत्रकृमीत मूळच सुजलेलं असतं.

पेरणीला दहा किलो बियाण्याला रायझोबियमचं 250 ग्रॅमचं पाकीट, गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार केलेलं, हलका हात आणि सावली. बुरशीनाशक लावायचं तर ते आधी. पाकिटावर पीक आणि मुदत वाचल्याशिवाय मी पैसे देत नाही. सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याच्या मुळात गाठी करत नाही, दुकानात कितीही 'एकच असतं हो' म्हणोत.

पण नुसत्या पाकिटावर भिस्त ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आमची काळी, चुनखडीची जमीन घातलेला स्फुरद चुन्याशी बांधून टाकते, आणि गाठींना तर स्फुरद भरपूर लागतो. तो सोडवणारे जिवाणू आम्लं सोडतात, पण त्यांनाही आधी खायला हवं. ते शेणखतातून मिळतं. शंभर किलो शेणखतात नत्र जेमतेम अर्धा किलो. नत्रासाठी कुणी ते घालत असेल तर हिशेब चुकला. ते घालायचं माती भुसभुशीत राहावी, मुळाशी हवा खेळावी, ओल टिकावी म्हणून. आणि कुजलेलंच. उकिरड्यावरचं कच्चं ओढून टाकलं की हुमणी आणि तण फुकटात येतं. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी मला यासाठीच आवडते: जाळीच्या विटकामातून हवा जाते आणि थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजतो.

युरियाचा हात सैल सोडला तर झाड गाठी करायचा खटाटोपच करत नाही. सुरुवातीला थोडा नत्र ठीक. पुढे वर हिरवंगार माजतं आणि घाटे मोजायला बसलं की तोंड उतरतं.

हरभरा जमिनीत नत्राची रास ठेवून जातो, हे बोलणं मला जरा जास्तच वाटतं. बराचसा नत्र दाण्यांबरोबर पोत्यात जातो. मागे उरतो तो गळलेल्या पाल्यात आणि मुळांत. म्हणून काढणीला मी विळा धरायला सांगते. बायका कुरकुरतात, उपटणं झपाट्याने होतं आणि उक्त्यात तेच परवडतं. मग उक्तं सोडून रोजाने बोलावते आणि पहाटेच्या दवात, घाटे फुटायच्या आत, जमिनीलगत कापून घेते.