औषधाचे डोळे

इन्सुलीनइतकें आज्ञाधारक औषध दुसरें क्वचितच असेल. पण इतकें आंधळेंहि नसेल. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं तें शोधून काढलें, आणि १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम एका मधुमेही मुलास टोचण्यांत आलें. तेव्हांपासून त्यानें असंख्य जीव वांचविले. परंतु एकदां टोचलेली मात्रा परत घेतां येत नाहीं, आणि पोटांत अन्न पडलें कीं नाहीं हें तिला कळत नाहीं.

आमच्या आत्याबाईंनीं याचा अनुभव पुष्कळदां घेतला आहे. ठरल्या वेळीं सुई घेतलेली असावी आणि घरांत सत्यनारायणाच्या आरतीला उशीर व्हावा, कीं त्यांच्या हातांना कंप सुटे, अंगाला दरदरून घाम येई. म्हणून आतां आम्ही त्यांचें पान आधींच वाढतों. "देवाआधीं जेवायचें अगदीं जिवावर येतें ग," असें त्या दर वेळीं म्हणतात.

निरोगी स्वादुपिंड साखर वाढली कीं इन्सुलीन सोडतें आणि उतरली कीं हात आखडतें. हा विवेक औषधांतच घालण्याचा प्रयत्न १९७९ मध्यें ब्राउनली व सेरामी या अमेरिकन संशोधकांनीं केला. अबईच्या कुळांतील एका शेंगेच्या बियांत साखरेला धरून ठेवणारें प्रथिन असतें. त्याला त्यांनीं साखर जोडलेलें इन्सुलीन बांधलें. भोंवतालची साखर वाढली कीं ती प्रथिनावरील जागा बळकावते आणि इन्सुलीन सुटें होतें. दुसऱ्या एका युक्तींत साखरेपासून आम्ल तयार होतें व त्या आम्लानें इन्सुलीन सांठविलेल्या पडद्याचीं छिद्रें उघडतात.

अशी कुपी कातडीखालीं बसवावी, ही कल्पना मोठी रम्य. पण शरीर परक्या वस्तूभोंवतीं तंतूंचें कवच विणतें. त्यामुळें साखरेची वार्ता आंत उशिरां पोंचते आणि औषधहि उशिरां थांबतें. म्हणूनच या कुप्या अद्याप प्रयोगशाळेबाहेर रोजच्या वापरांत आलेल्या नाहींत.

पुष्कळांना वाटतें, सुई चुकेल हा या शोधाचा मोठा लाभ. मला तसें वाटत नाहीं. सुईची संवय होते. पंक्तीबाहेर एकट्यानें जेवण्याची होत नाहीं. वेळेवर थांबणारें औषध रोग्याला आपल्या माणसांत परत बसवील. तोंवर त्या आंधळ्या औषधाचे डोळे घरच्या मंडळींनींच व्हावयाचें आहे.