काखमांजरी नव्हे



आजचा विषय आपण बायका ब्लाउजच्या बाहीत लपवतो तो.

डोंबिवलीत माझी भाची बाळंत झाली. चौथ्या दिवशी तिच्या दोन्ही काखांत लिंबाएवढ्या गाठी आल्या, हात अंगाशी टेकवेना. घरात लगेच निदान झालं! सासूबाई म्हणाल्या, काखमांजरी आहे, शेक द्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, चोळून काढा. भाचीच्या मनात मात्र एकच शब्द होता, कॅन्सर. तो ती बोललीच नाही, नुसती बाळाकडे बघून रडायची.

ठाण्याच्या सर्जनबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं, हा स्तनाचाच जादा भाग आहे. गर्भात काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना दुधाची एकेक रेघ उमटते. पुढे ती छातीपुरती उरते, बाकीची विरते. विरायची राहिली तर बहुधा काखेत. एरवी कळतही नाही. पाळीच्या आधी, गरोदरपणात फुगते. बाळंतपणानंतर तिथेही दूध भरतं आणि बाहेर यायला वाट नसली की ठणकतं. म्हणून चोळायचं नाही, पिळायचं नाही. थंड पट्ट्या, त्यांनी दिलेली गोळी, आणि बाळाला पाजणं चालूच. ताप किंवा लाली आली तरच लगेच या, म्हणाल्या. आठवड्याभरात सूज उतरली.

मध्येच कुणीतरी ‘अशुभ कर्माचा उदय’ म्हणालं. शरीराची घडण नामकर्माने होते, हे पाठशाळेत मीही शिकले आहे. पण त्यात लाज कुठून आली?

ऑपरेशन सगळ्यांना लागत नाही. आमच्या सोसायटीतल्या एकीला मात्र लोकलमध्ये वरची कडी धरली की काख ओढायची. मुलाचं अंगावरचं दूध सुटल्यावर काही महिन्यांनी तिने तो भाग काढून घेतला. व्रण राहतो, जखमेत पाणी साचू शकतं, खांदा आखडू नये म्हणून व्यायाम करावा लागतो. निव्वळ स्लीव्हलेससाठी करणार असाल तर हे आधी नीट विचारून घ्या.

स्तनाला होतात ते आजार या भागालाही होऊ शकतात, क्वचित कॅन्सरसुद्धा. त्यामुळे गाठ टणक लागली, वाढत चालली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. मॅमोग्राफीला जाल तेव्हा काखेतलंही सांगा. खासगी दवाखाना परवडत नसेल तर कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. सकाळीच जा, आणि पुढून उघडणारा सैल ब्लाउज घाला.