मासेमारांचे शिखर

कॅलिफोर्निया म्हटले की आपल्याकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे हॉलिवूड, गोल्डन गेटचा पूल आणि संगणकाच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या भाच्या-पुतण्यांची टुमदार घरे उभी राहतात. पण याच राज्याच्या पूर्वेला, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पाठीमागे, एक अगदी निराळा मुलूख आहे. ओवेन्स नदीचे हे खोरे. एका काळी येथे मोठे सरोवर होते. १९१३ साली लॉस एंजलीस शहराने दोनशे मैलांहून लांब कालवा खणून इथले पाणी नेले, आणि सरोवराच्या जागी पांढरी धूळ राहिली. पश्चिमेला पर्वताची सरळ उभी भिंत, पायथ्याशी तपकिरी खडकांच्या टेकड्या, आणि त्यांच्या कुशीत लोन पाइन नावाचे गाव. एक हमरस्ता, दोन-चार खाणावळी आणि मासे पकडण्याच्या सामानाची दुकाने, एवढाच त्याचा संसार. १९३९ सालच्या ‘गंगा दीन’ या चित्रपटातला आपला वायव्य सरहद्द प्रांत या टेकड्यांतच उभारला होता, हे कळल्यावर मला हसू आवरेना. खैबरची हवा खायला पेशावरला जायला नको, लोन पाइनला आले तरी भागते!

मला येथे आणले माझ्या पुतण्याने. हा मुलगा लहानपणी गुहागरला आजोळी गेला की खाडीत गरवायला बसायचा. गांडुळे लावायची, गरी टाकायची आणि तासन् तास पाण्याकडे पाहत राहायचे. आता सॅन होझेला बारा वर्षे काढल्यावर त्याच वेडाने इंग्रजी पोशाख केला आहे. त्याला म्हणतात फ्लाय फिशिंग. यात गांडूळ नाही की कोलंबी नाही. गळाभोवती पिसे, केस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी तयार करायची. तिला वजन नसतेच, म्हणून वजन असते ते दोरीला. ती जाड दोरी काठीच्या झोकाने मागे-पुढे हवेत नाचवायची आणि माशी पाण्यावर अशी अलगद उतरवायची की माशाला वाटावे, आत्ताच पंख मिटून बसली. मला हा प्रकार हवेत सही करण्यासारखा वाटला.

परंतु खरी मौज काठी हातात घेण्याच्या दोन महिने आधीच सुरू होते. रात्री जेवणे झाली की पुतण्या संगणकापुढे बसे आणि पडद्यावर डोंगर उलगडी. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे एकास चोवीस हजार प्रमाणाचे जुने नकाशे आता घरबसल्या फुकट मिळतात. त्यांवर उपग्रहाने घेतलेले छायाचित्र पसरायचे आणि एक पुसट करून दुसरे पाहायचे. समोच्च रेषा दाट झाल्या की तेथे ओढा धबधब्यासारखा कोसळतो. तेथून मासा वर चढत नाही. रेषा विरळ झाल्या की कुरण. तेथे ओढा सापासारखी वळणे घेत जातो, आणि वळणाच्या बाहेरच्या काठाखाली पाणी माती पोखरून जी कपार करते, तिच्यात मासा दबा धरून बसतो. तळ्यांवरचे बर्फ केव्हा वितळले तेही छायाचित्रांवरून कळते. “काका, अर्धे मासे इथेच पकडायचे असतात,” तो म्हणाला. त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरून, उरलेले अर्धेही तिथेच पकडले तर तिची काही हरकत नव्हती!

या तयारीचा शेवट होतो तो हातात मावणाऱ्या एका यंत्रात. गार्मिनचे हे यंत्र साबणाच्या वडीपेक्षा थोडे मोठे. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी निदान चौघांचे संदेश ते ऐकते, ते यायला किती वेळ लागला ते मोजते आणि आपण पृथ्वीवर नेमके कोठे उभे आहोत ते सांगते. उपग्रहावरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांहून रोज अडतीस मायक्रोसेकंद पुढे धावतात, आइन्स्टाइनच्या हिशेबाप्रमाणे. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहाएक किलोमीटरची चूक पडेल. हे सगळे अमेरिकन लष्कराने स्वतःसाठी उभारले. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात २००० सालच्या मे महिन्यापर्यंत मुद्दाम खोट मिसळलेली असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. ती खोट काढली आणि गळ टाकणाऱ्यांचे भाग्य उजळले.

लोन पाइनहून वीसएक मैलांचा रस्ता वळणावळणाने वर चढतो आणि हॉर्सशू मेडो नावाच्या कुरणापाशी दहा हजार फुटांवर थांबतो. आपले कळसूबाई पाच हजार चारशे फूट. म्हणजे कळसूबाईवर जवळजवळ दुसरे कळसूबाई ठेवले की जेथे पोचाल, तेथे चालायला फक्त सुरुवात. एक रात्र तेथेच काढून छातीला विरळ हवेची सवय करून घेतली आणि सकाळी कॉटनवुड सरोवरांची वाट धरली. पुढचा प्रदेश कायद्याने रानच ठेवला आहे. मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. सामान पाठीवर किंवा खेचरावर. पाचसहा मैल फॉक्सटेल पाइनच्या झाडांमधून चालावे, आणि झाडी संपली की समोर सरोवरांची माळ आणि तिच्यावर ओठंगून उभा असलेला लँगली पर्वत दिसतो.

या पर्वताची कथा सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. क्लॅरेन्स किंग नावाचा एक तरुण, हुशार भूशास्त्रज्ञ होता. अमेरिकेच्या तेव्हाच्या राज्यांत सर्वांत उंच असलेल्या व्हिटनी शिखरावर पहिले पाऊल आपले पडावे ही त्याची ईर्षा. १८६४ साली प्रयत्न फसला. १८७१ साली लोन पाइनहून निघून, ढगांतून वाट काढत, तो माथ्यावर पोचला आणि त्या पराक्रमाचे त्याने बहारदार वर्णनही छापले. दोन वर्षांनी उघडकीस आले की साहेब चढले ते व्हिटनीवर नव्हेच, चारपाच मैल अलीकडच्या या लँगलीवर! किंग धावतपळत आला आणि १८७३ च्या सप्टेंबरात खऱ्या शिखरावर चढला. पण महिनाभर आधी, १८ ऑगस्टला, लोन पाइनचे तिघेजण वर जाऊन आले होते. हे तिघे कोण? मासे पकडायला डोंगरात गेलेले गावकरी. गावाने त्याला ‘मासेमारांचे शिखर’ असे नावही देऊन टाकले, पण नकाशावर मात्र ते टिकले नाही. आणि हाच किंग पुढे १८७९ साली त्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचा पहिला संचालक झाला, ज्याचे नकाशे पुतण्याच्या यंत्रात भरले होते. लोन पाइनकर आजही ही गोष्ट मिटक्या मारीत सांगतात.

सरोवरांतला सोनेरी ट्राउट मात्र कोणत्याही नकाशाविना ओळखू येतो. वीतभर लांबीचा जीव, पण पोट केशरी-तांबडे, बाजू हळदीसारख्या सोनेरी, अंगावर लाल पट्टा. १९४७ पासून तो कॅलिफोर्नियाचा राज्यमासा आहे. त्याचे मूळ घर डोंगराच्या पलीकडे, कर्न नदीच्या खोऱ्यात. १८७६ साली काहीजणांनी तेरा मासे कॉफीच्या किटलीत घालून डोंगराच्या या अंगाला आणले आणि कॉटनवुड ओढ्यात सोडले असे सांगतात. पुढे तेथून ते सरोवरांत आले. एवढी विद्वान यंत्रे एकीकडे आणि ती किटली एकीकडे!

अर्थात किटलीचे हिशेब पुढे चुकते करावे लागले. सिएराच्या माथ्यावरची बहुतेक तळी मुळात माशांविना होती. माणसांनी खेचरांवरून आणि नंतर विमानांतून मासे आणून सोडले. त्यांनी बेडकांची पिले फस्त केली, आणि पिवळ्या पायांचा बेडूक २०१४ साली संकटग्रस्त ठरवावा लागला. म्हणून काही तळ्यांतले मासे आता जाळी लावून काढून टाकतात. जुन्या माहितीवर भरवसा ठेवून एखाद्या तळ्यावर दिवसभर चालत जावे, तर पाण्यात मासा औषधाला नाही आणि काठावर बेडूक तेवढा मजेत डरावतो आहे. मला तर तो बेडूकच आवडला असता.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने वाट सोडली. त्याने घरी हेरून ठेवलेले एक बिननावाचे तळे होते. यंत्राचा बाण सांगत होता, साडेचारशे मीटर. समोच्च रेषाही विरळ होत्या. आणि आम्ही येऊन उभे राहिलो ते तीस फुटांच्या ताशीव कड्यावर! या नकाशात रेषा चाळीस-चाळीस फुटांनी काढलेल्या. तीस फुटांचा कडा दोन रेषांच्या मधल्या मोकळ्या जागेत खुशाल लपून बसतो. बाणाला त्याचे काय? तो पाखरासारखा सरळ जाणारा. पुतण्या खाली उतरायला जागा पाहू लागला, मी त्याच्या पिशवीचा पट्टा धरला. पश्चिमेला ढग जमत होते, आणि दुपारी येथे विजा पडतात. दीड तासाचा वळसा घालून आम्ही तळ्याशी पोचलो.

तेथे एक म्हातारा आधीच बसला होता. सत्तरी उलटलेली, खिशात घड्या फाटून चिकटपट्टी लावलेला कागदी नकाशा. पुतण्याने उलटा काटा नसलेल्या गळावर चार मासे घेतले, हात ओले करून सोडवले आणि पाण्यात परत दिले. मला मात्र तळलेल्या बोंबलाची आठवण अनावर झाली. म्हातारा यंत्राकडे पाहत म्हणाला, “टिपून ठेवलीस ही जागा?”

“हो.”

“खालच्या एका तळ्याचे चित्र कोणी तरी ठिकाणासह जगाला दाखवले होते. पुढच्या उन्हाळ्यात तिथे मी अकरा तंबू मोजले.” एवढे बोलून तो पुन्हा दोरी हवेत नाचवू लागला.

रात्री थंडीने घटमाळा मंदावू नयेत म्हणून पुतण्या यंत्र आणि फोन दोन्ही पांघरुणात घेऊन निजला. आमच्या वेळी लोक देवाची तसबीर उशाशी ठेवीत. फोनवर त्या तळ्याचे सुरेख चित्र होते, आणि त्याचे मित्र ते मागणार हेही ठरलेले. त्याने बराच वेळ कूस बदलली. मी काही विचारले नाही.

लोन पाइनला परतल्यावर खाणावळीत बसलो असताना त्याने यंत्र माझ्यापुढे सरकवले. साठवलेल्या ठिकाणांची यादी होती. सरोवरे, खिंडी, पाण्याच्या जागा. बिननावाचे तळे काही दिसेना.

“पुसून टाकलेस?” मी विचारले.

“छे! असे कसे पुसेन?” तो म्हणाला, आणि यादीच्या अगदी तळाशी बोट ठेवले. तेथे लिहिले होते : ‘दातांचा डॉक्टर.’