एक रात्र गायन पार्टीची

मुंबईच्या बीडीडी चाळींत आम्ही कधी तिकीट काढून गाणं ऐकलं नाही. १४ एप्रिल आला की पटांगणात सतरंज्या पडायच्या, हार्मोनियम-ढोलकी लागायची, सवाल-जवाब पहाटेपर्यंत रंगायचे. वामनदादा कर्डक (१९२२-२००४), विठ्ठल उमप (१९३१-२०१०) यांना अशाच वस्त्यांनी डोक्यावर घेतलं. वडील गिरणीतून सुटून थेट तिथे यायचे, आवडलेल्या कडव्याला पाचाची नोट द्यायचे. शाळेची पायरी न चढलेल्या आईला महाडचा सत्याग्रह (१९२७) गाण्यांतूनच कळला. आज डीजेला हजारो रुपये मोजतो, ढोलकीवाल्याशी मात्र घासाघीस करतो. बंधू-भगिनींनो, जयंतीच्या वर्गणीतून एक रात्र गायन पार्टीसाठी राखा. मुलांना पुढे बसवा. समोर माणसं असली तरच शाहीर गातो.