शांताबाईचा मुलगा

अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड एम-थ्री घ्यायला गेलो आणि सोबत 'कोल्हाट्याचं पोर' घेऊन आलो. किशोर शांताबाई काळे यांचं हे १९९४ सालचं आत्मकथन. तमाशात नाचणारी तरुण आई, जबाबदारी न घेणारा बाप आणि डॉक्टर झालेला मुलगा! पुस्तक महिनाभर अख्ख्या विंगमध्ये फिरलं.

मेसमध्ये दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, "पोराला आजोबांकडे टाकून गेली, कसली आई?" दुसरा तावातावाने, "तिला नाचायला लावताना विचारलं होतं का कुणी?" आमटी गार झाली, भांडण नाही!

माझा रूम पार्टनर मात्र गप्प. रात्री लाईट घालवल्यावर म्हणाला, "तिच्यावर एवढा रागावला, तरी नाव तिचंच लावलं ना त्याने?" त्याला आईनेच एकटीने वाढवलंय, हे मला तेव्हा कळलं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं. काळ्यांनी ते तीस वर्षं आधीच पुस्तकाच्या कव्हरवर छापलं होतं. आमच्या पार्टनरच्या परीक्षेच्या फॉर्मवर मात्र वडिलांचंच नाव होतं. फी तेवढी आई भरायची!