फवारणी पंपाच्या इंजिनाची आतली दुखापत

गेवराई



पाठीवरच्या फवारणी पंपाचे टू-स्ट्रोक इंजिन जेमतेम 25 ते 35 सी.सी.चे असते, पण कपाशीच्या दिवसांत ते फुल रेसवर तासन्‌तास राबते. त्याची आतली दुखापत म्हणूनच ऐन हंगामात उघडी पडते. पंप बंद पडला की लगेच सिलिंडर उतरवण्याची घाई होते. ती नडते, खुणा तिथेच पुसल्या जातात.

आधी बटण बंद ठेवून दोरी सावकाश ओढावी. दर फेऱ्याला एकदा हाताला जोर लागला पाहिजे. दोरी सैल आली तर प्लगच्या भोकातून ऑइलचे चार-पाच थेंब सोडून पुन्हा ओढावी. आता जोर वाढला तर रिंग किंवा सिलिंडर झिजला आहे. तरीही सैल राहिली तर प्लगची बैठक आणि, हेड वेगळे असेल तर, हेडचे पॅकिंग तपासावे.

मग सायलेंसर काढावा. त्यामागच्या भोकातून पिस्टन दिसतो आणि खरी हकीकत तिथे लिहिलेली असते. ओरखडे फक्त याच बाजूला असतील तर इंजिन तापले: सिलिंडरच्या पात्यांत माती बसली, किंवा कुठून तरी हवा ओढली गेली. चारही बाजूंनी ओरखडे असतील तर बहुधा पेट्रोलमध्ये ऑइलच नव्हते. 1:25 चे मिश्रण म्हणजे लिटरला 40 मि.लि.; या इंजिनाला वंगण मिळते ते एवढेच, आणि ते अंदाजाने ओतणे हा यंत्रावर अन्यायच. कार्बोरेटरच्या बाजूने पिस्टन मळकट, घासलेला दिसला तर फिल्टर फाटका आहे. धूळ आत गेली.

राहिला क्रँक. स्टार्टरचे झाकण काढून फ्लायव्हील जरासे पुढे-मागे हलवावे. पिस्टन हलण्याआधी 'टक' जाणवली तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले. रॉडची आडवी सरक मात्र चालते, वरखाली अजिबात नाही. क्रँककेसमधले तेल पांढऱ्या फडक्यावर टिपावे. चमचम दिसली तर पूर्ण खोलणे आले.

सिलिंडरला चिकटलेले पिस्टनचे ॲल्युमिनियम बारीक पॉलिश पेपरने निघते. त्यानंतरही नख अडकले तर सिलिंडर-पिस्टन जोडीनेच बदलावे, आणि बसवण्याआधी क्रँकचे रबरी सील पाहावे. तिथून हवा शिरत असेल तर नवा पिस्टनही तसाच धरतो.

तुझा मामा