यार्डातले इंजिन

नांदेडहून लातूरला रेल्वेने जायचे म्हणजे पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा मोठा वळसा. वेळ जातो, पण आम्ही रेल्वेनेच निघालो. पूर्णा हे तर रेल्वे कामगारांचेच गाव. मीटरगेजच्या काळात येथे लोको शेड होते. इंजिनाच्या धुरात राबलेल्या माणसांची मुले-नातवंडे आज शिकून नोकऱ्यांना लागली आहेत.

वाटेत एका यार्डात शंटिंगचे डिझेल इंजिन डबे ढकलताना दिसले. मेल-एक्सप्रेसच्या इंजिनाकडे सगळे पाहतात, याच्याकडे कोणी पाहत नाही. पण डबे जुळवून याने गाडी लावून दिली नाही, तर मेल सुटणार कशी? या कामासाठीची डब्ल्यूडीएस-६ जातीची सहा सिलिंडरची इंजिने वाराणसीच्या कारखान्यात १९७५ पासून बांधली गेली. यात डिझेल इंजिन वीज तयार करते आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी फिरतात.

असे इंजिन थकले की मोडीत काढत नाहीत, वर्कशॉपात नेतात. क्रेनने बॉडी उचलून चाके वेगळी करतात. पिस्टन, बेअरिंग खोलून झिजलेले भाग बदलतात. चाके लेथवर चढवतात. जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग नव्याने भरतात. शेवटी पूर्ण जोर लावून तपासतात आणि मग ते पुन्हा वर्षानुवर्षे राबते. मुंबईच्या परळ वर्कशॉपने डिझेल इंजिनांची अशी कामे केली, माथेरानच्या छोट्या गाडीसाठी इंजिनेही बांधली.

पण हे काम कोणाच्या हातात होते? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी नेमके यावरच बोट ठेवले. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमनच राहतो. वर्कशॉपात तो कुली असतो, मेकॅनिक क्वचितच होतो, हे त्यांनी उघड मांडले. ओझे उचलायला आपण चालत होतो, पाना धरायला नाही.

लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. ३१ मार्च २०१८ रोजी त्याची पायाभरणी झाली, २५ डिसेंबर २०२० रोजी डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. पुढे २०२३ मध्ये रशियन कंपनी व रेल विकास निगम यांच्या भागीदारीत येथे वंदे भारत गाड्या बांधण्याचा करार झाला. मराठवाड्याला काम हवेच आहे. पण रेल्वेच्या भरतीत आरक्षण असते, खासगी कंपनीवर ते बंधन नाही. उद्या आपली मुले तेथे वेल्डर-फिटर असतील की कंत्राटदाराच्या हजेरीपटावरचे झाडूवाले?

म्हणून दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना आयटीआयची वाट दाखवा. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होऊ द्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांत शिकण्याच्या जागा असतात, त्यांच्या जाहिराती विहारातल्या फळ्यावर लावा. खासगी उद्योगातल्या आरक्षणाची मागणी संघटनेने लावून धरावी, आणि घराने मुलाच्या हातात पाना द्यावा. दोन्ही कामे एकदमच व्हायला हवीत.